भात्यामागून

"कशी झाली रे?" बाई विचारायच्या.
मी म्हणायचो, "जड होती."
दुसरं काय सांगणार? मी पडद्यामागं,
लाकडी दांड्यावर दोन्ही हात,
डोळे दोरीला लटकलेल्या शिशाच्या गोळ्यावर.
गोळा खालच्या खुणेला, म्हणजे भाता भरलेला.
वर सरकला की वारा संपत आला.
मला वाचता येणारं नोटेशन एवढंच.

जालन्याच्या त्या चर्चला आधी मोटार होती.
एका उन्हाळ्यात व्होल्टेजनं जळाली.
मग कुणीतरी आमच्या पालावर आलं विचारत,
भात्याचं काम येणारा पोरगा आहे का.
बा फाळ शेवटीत होता, मान वर न करता म्हणाला,
"वाराच मारायचाय नं? जा."

हेप्सीबाबाई त्रिभुवन. मिशनच्या शाळेत गणिताच्या.
ऑर्गनसाठी वेगळे कापडी बूट, पिशवीत गुंडाळलेले,
कारण तिथं पायांनाही पट्ट्या वाजवायच्या असतात.
रविवारच्या गीतांचे मला दोन रुपये.
पण गुरुवारी, आत चिटपाखरू नसताना,
बाई ती जर्मन सोनाटा काढायच्या.
तिचे पाच.
तिला अडीचपट वारा लागतो,
हा हिशेब त्यांचाच.

पहिला भाग म्हणजे एकदम सगळ्या नळ्या.
लोखंड लाल आहे तोवरच पडायला पाहिजेत
असे घण, मायनरमधले.
(शब्द बाईंचा. मी म्हणायचो, रात्रपाळीचे.)
आणि मध्येच, शेजारच्या खोलीत
कुणी हळू आवाजात प्रार्थना म्हणावी
तसं एक साधं गीत.
पुन्हा घण. पुन्हा गीत, जिथं तुटलं तिथून.
भांडून अबोला धरलेली दोन माणसं
एकाच चुलीवर जेवतात, तसं चालायचं ते.
खांद्यांना बरोबर कळायचं:
घणाला सहा दाबे, गीताला एक.

दुसऱ्या भागात माझं काम जवळजवळ नाहीच.
एकच बारीक नळी, खाली लांब धरलेला सूर,
मोती तलावाचं पाणी तिन्हीसांजेला
हालतं न हालतं तेवढाच.
त्यात एकदा मी दांडा सोडला.
ऐकत बसलो.
गोळा वर, वर, खुणेच्या पार,
आणि सूर खचला,
दमेकऱ्याच्या छातीसारखा, नळीनळीतून.
मी मान खाली घातली.
पडद्यापलीकडून बाई:
"ऐकायचंय नं? मग हात चालू ठेव."

तिसऱ्यात एकटा आवाज काहीतरी विचारतो
आणि उत्तराला छप्परच अंगावर येतं.
तिथून पळापळ, थेट शेवटापर्यंत.
बाई म्हणायच्या, इथं उजाडतं, मेजर लागतो.
मला नाही दिसलं कधी, डोळ्यांत घाम.
पण सगळ्यांच्या तळाला
सोळा फुटी लाकडी नळी बोलायला लागली
की दांडा हातात थरथरायचा,
विहिरीत मोटर सुरू झाल्यावर
काठावर उभ्या माणसाचे तळपाय थरथरतात तसा.

मग गप्प.
भात्यात उरलेला वारा कुठल्याशा फटीतून
सुटत राहायचा.
तो संपेपर्यंत आम्ही दोघंही बोलायचो नाही.

आता मी एमआयडीसीत, रोलिंग मिलला.
तिथला ब्लोअर बटणावर चालतो.
जानेवारीत बाई गेल्या.
नातवानं कीबोर्ड आणला होता पुण्याहून,
नीट वाजवला त्यानं, नावं ठेवायला जागा नाही.
लोक मातीला निघाले, तेव्हा मी पडद्यामागं गेलो.
दांडा होता. चामडं तडकलेलं.
मारत राहिलो. चाळीस, पन्नास.
गोळा खाली उतरला, पण खुणेला काही टेकला नाही,
आणि हात काढला तसा वर निघाला.
पहिल्या भागातले दोन घण
फार तर झाले असते तेवढ्यात.

नातू दारात उभा.
"काका, मागं कसला आवाज येतोय?"
"वारा," मी म्हणालो.
तो गेला नाही.
मी पुन्हा दांडा धरला.