खारी

तिसऱ्या तळघरात माझी खुर्ची.
डोक्यावर दोन मजले गाड्या,
त्यांच्यावर मॉल, मॉलवर दवाखाने आणि क्लासेस,
पुढे एकवीस मजले ऑफिसं,
आणि शेजारच्या टॉवरात, ढगांच्या भाड्याने, माणसं.
जुईनगर स्टेशनचा पूल थेट आमच्या दुसऱ्या मजल्यात शिरतो.
जाहिरातीत लिहिलं होतं : पाय भिजणार नाहीत.

रात्री अकरा ते सात मी आकडे बघतो.
लिफ्टा सोळा, त्यातली एक कायम रुसलेली.
तेरावा मजला नाहीच. बारानंतर बारा-अ,
तिथली माणसं बारा-अ मध्ये सुखाने झोपतात.
कुणाचं कार्ड कुठल्या दाराला लागलं
ते माझ्या पडद्यावर हिरवं टिंब होऊन येतं.

एक टिंब ओळखीचं झालं.
सी-२७०४, वडनेरकर नीलाक्षी.
सकाळी नऊ-चाळीसला सत्ताविसाव्यावरून
सहाव्या मजल्यावरच्या बागेत,
बाग ओलांडून बी टॉवर, नववा मजला, ऑफिस.
दुपारी फूडकोर्ट. मंगळवारी दातांचा डॉक्टर.
रात्री परत बाग, परत लिफ्ट.
खालच्या फाटकाला तिचं कार्ड
एकेचाळीस दिवस लागलं नव्हतं.
मी काही मोजत बसलो नव्हतो.
मोजत होतो.

हिराजी भोईर पंप सांभाळतो.
कोपऱ्यातल्या खड्ड्यात पाणी झिरपतं,
पंप ते उपसतो, पुन्हा झिरपतं.
रजिस्टरात रकाने तीन : वेळ, पातळी, सही.
हिराजीने पट्टीने चौथा आखलाय : तिथी.
अष्टमीला पंप तासाने लागतो,
अवसेला वीस मिनिटांनी.
"खारी येतंय," तो म्हणतो.

तो जुईगावचा. त्याच्या तोंडी ड चा र होतो,
गाडीची गारी, घोड्याचा घोरा.
मी जालन्याचा. सहा महिने मला कळेना,
खारी म्हणजे खारट, की खाडी.
विचारलं तर म्हणाला, "येकच ना."

मग त्या रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
टिंब सत्ताविसाव्यावरून निघालं
आणि कुठेच थांबलं नाही.
दार उघडलं. घरातल्या सपाता, केसांना क्लिप, हातात मोबाइल.
"तीन तक्रारी केल्यात मी. बेडरूममध्ये वास येतो.
प्रत्येक वेळी लिहून येतं, निवारण झाले."
ती बोलता बोलता थांबली.
नाकाने हवा ओढली, एकदा, दोनदा.
"हाच."

हिराजीने खड्ड्यावरची जाळी सरकवली.
खाली काळं पाणी, त्यात आमच्या ट्यूबलाइटचा तुकडा.
"इकरं आमचं खाजान व्हतं," तो म्हणाला,
"बापाने आठ किलोचा जितारा धरलेला, ह्या खांबाजवल."
खांबावर लिहिलंय पी-११४, पाहुण्यांसाठी पार्किंग.
तिने वाकून बोट बुडवलं,
आणि मी नको म्हणेपर्यंत जिभेला लावलं.
काही बोलली नाही.
पंप सुरू झाला तेव्हा दचकली मात्र,
मग भिंतीला टेकून
तो बंद होईपर्यंत उभी राहिली.
जाताना हिराजीला विचारलं, परत कधी भरेल.
त्याने घड्याळ पाहिलं नाही.
बोटांच्या पेरांवर तिथी मोजली आणि वेळ सांगितली.

तक्रार मलाच बंद करायची होती.
प्रकार निवडा : नळ, वीज, लिफ्ट, कीटक, इतर.
इतर.
कारण लिहा.
मी लिहिलं, खारी.
सकाळच्या पाळीतल्या साहेबांनी ती तक्रार
तळमजल्यावरच्या बेकरीकडे पाठवली.
बेकरीचं उत्तर आलं, तेही रीतसर :
आमची भट्टी रात्री बंद असते,
वास आमचा नाही.

आज त्रयोदशी. पंप पस्तीस मिनिटांवर आलाय.
सत्ताविसाव्यावर दिवा आहे.