फट

थंडर बे, जानेवारी. बाहेर उणे एकतीस.
तळघरातली लोखंडी भट्टी हेल्वीने दोन महिने विझू दिलेली नाही,
आणि ओर्वोची गाडी
पुठ्ठ्याच्या धान्यकोठारांपाशी, परतीच्या वळशात शिरताना
दर वेळी त्याच जागी मरते.

"मरते" हा तिचा शब्द.
मी दुरुस्त केला नाही.

छत्तीस वर्षं मी टेलिफोनच्या खांबांवर काढली.
तारेतला दोष हुडकायचा तर कुणावर विश्वास ठेवायचा नसतो,
स्वतःवर तर नाहीच.
खिशातलं पाव डॉलरचं नाणं रुळांवर आडवं टाकलं.
नाण्यावरचं कॅरिबू दोन्ही रुळांना टेकलं,
टक्.
बूस्टरने वीज तोडली, लाल दिवा लुकलुकला.
म्हणजे पहारेकरी जागा आहे, उगाच ओरडत नाही.
इंजिन बदललं, तेही मेलं.
डिकोडरला नंबराने हाक मारली, एकेचाळीस शून्य चार,
त्याने दिवा मिचकावून हजेरी दिली.
चाकं पुसली, रूळ पुसले. चोर सोडून
संन्याशांना फाशी देत संध्याकाळ गेली.

मग टेबलाखाली, पाठीवर. नाकावर भुसा, दातांत टॉर्च.
हिरवी तार तपकिरीला जोडलेली,
पुढे हिरवी हिरवीला, पुढे पुन्हा उलट.
अरे ओर्वो!
मी खालूनच ओरडलो, हेल्वी, सगळं उपसावं लागणार,
यात ना शेंडा ना बुडखा.

ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, हातात कॉफीचा मग.
"रंग नको बघूस," म्हणाली,
"हिरवं-तपकिरी त्याला जन्मात कळलं नाही.
मोजे मी लावून ठेवायचे.
गाठी बघ."

गाठी.
प्रत्येक जोडाच्या बोटभर अलीकडे मेणदोऱ्याची गाठ:
एक असेल तर सरोवराकडचा रूळ,
दोन असतील तर डोंगराकडचा.
अकरा वर्षं दर मंगळवारी याच टेबलाशी उभे राहिलो आम्ही,
रंगांवरून मी त्याला किती चिडवलं
त्याच्या हिरव्या आकाशासाठी,
आणि हे मला ठाऊक नव्हतं.

टॉर्च विझवला. बोटांनी वाचत सरकलो.
एक. एक. दोन. एक. दोन. दोन.
अख्ख्या टेबलाची लांबी, एकही चूक नाही.

तेव्हा दोष खाली नव्हताच.
गाडी वळसा घालून आपल्याच वाटेवर उलटी येते,
तिथे डावा रूळ उजव्याच्या अंगावर जातो.
म्हणून दोन्ही रूळ कापून त्याने पोस्टकार्ड मावेल एवढी फट ठेवली होती.
भिंग धरलं.
एका रुळात फट होती.
दुसऱ्यात टोकाला टोक भिडलेलं,
कुणी हळूच दार ओढून घ्यावं तसं.

भट्टीने हवा सुकवली, हवेने पाइनची फळी.
फळी आक्रसली, रूळ आक्रसत नाही.
हे मी तिला सांगितलं. ती बराच वेळ गप्प.
"तो भट्टीवर पाण्याचं पातेलं ठेवायचा," मग म्हणाली,
"सगळा हिवाळा, रोज भरून.
मला वाटायचं, खोकल्यासाठी.
ऑक्टोबरात मी ते उचलून ठेवलं.
कुणासाठी ठेवायचं होतं?"

याला उत्तर मीटरमध्ये नसतं.
बारीक करवतीने रूळ पुन्हा कापला,
फटीत प्लास्टिकची चकती बसवली, वर गोंदाचा थेंब.
गाडी वळशात शिरली, कोठारं ओलांडली,
आणि पुलावर जाऊन दुसऱ्याच कशाने तरी अडली.
ते पुढच्या मंगळवारी बघू.

कोट चढवताना वर नळ सुटल्याचा आवाज आला.
पातेलं भरायला लागतो
त्याहून बराच जास्त वेळ तो वाहत राहिला.