नुसतं बसायला

सोमवारी सातला या, दुकानावरच्या खोलीत.
खाली शिवणयंत्रं दुरुस्त होतात,
म्हणजे होणार असतात.
जिन्यात सांभाळून. तिसऱ्या पायरीवर रंगाची बादली आहे,
चार वर्षं झाली,
ती मी उद्या उचलणार आहे.

येताना ते आणायचं, जे सुरूच होत नाही.
युलो खरकटी पातेली आणतो पिशवीतून,
टार्टूच्या चार नंबर बसमधून, मांडीवर घेऊन,
मटाराच्या सुपाचा वास सगळ्यांना वाटत.
मारेट आणते बँकेची न फोडलेली पाकिटं, रबर लावून.
काउर तीन आठवडे रिकाम्या हातांनी आला,
आणायचं तेच विसरत होता.

इथं कुणी कुणाला मदत करत नाही.
उपदेशाला बंदी. रंगीत चिठ्ठ्यांच्या युक्त्यांना तर सक्त.
शेजारी कुणी नुसतं बसलेलं असलं
की हात आपोआप साबणाकडे जातो,
एवढंच आम्हाला माहीत.
का जातो, ते डॉक्टरबाईंनी नीट समजावलं होतं;
मी तेव्हा त्यांच्या खिडकीतला कावळा बघत होते.

चव्वेचाळिसाव्या वर्षी त्याचं नाव कळलं, एडीएचडी.
त्याआधीची नावं घरातलीच होती.
वेंधळी. धांदरट. फुटकी घागर.
शाळेत विचारायचे, लक्ष कुठंय तुझं?
होतं की लक्ष. लक्ष लक्ष ठिकाणी होतं.
बाईंच्या मोज्याच्या सुटलेल्या टाक्यात,
मार्चमध्ये एमायगी नदीवर बर्फ तडकतो
त्या आवाजात,
फक्त फळ्यावर तेवढं नव्हतं.

आईला दवाखान्यातून आणायला
मी दोन तास उशिरा पोचले होते.
ती कोट घालून, बटणं लावून बाकावर बसलेली.
काही बोलली नाही.
विसरण्यात एवढी पटाईत मी,
ते बटण लावलेलं गळ्याशी, ते विसरत नाही.

काल युलोनं पातेली घासली, पालथी घातली,
हात पुसत म्हणाला, हिल्ले, तुझं काय?
माझं काय? मी तर हे चालवते.
तो उठेना.
शेवटची बस गेली तरी उठेना.
मग मी सुट्या भागांच्या खोक्यातून काढलं
कर खात्याचं पाकीट, सात हिवाळे जुनं.
कात्री सापडेना. दुकानात सहा कात्र्या आहेत.
दातांनी फोडलं.

आपले अकरा युरो परत मिळू शकतील,
वर्षाच्या आत अर्ज करावा.

सात वर्षं त्या खोक्याला वळसा घालून चालत होते मी.
झोपेतही.

युलो हसला नाही.
मग इतका हसला की बाकावरून घसरला.
बाहेर भुरभुर बर्फ, तो पायीच निघाला,
पिशवीतली पातेली कोपऱ्यापर्यंत वाजत गेली.

एक झाकण इथंच राहिलंय.
सोमवारी द्यायचंय.
कुणीतरी आठवण करा.