तीन इंची, क्लास तीनशे

अतिराऊच्या रिफायनरीमागचं कोठार. उणे एकवीस.
सेइतकालीच्या मिशीवर दंव.
तो फ्लँजच्या कडेवरचं बर्फ अंगठ्याने पुसतो,
खाली ठोकलेला आकडा निघतो: १५०.
"वाच," म्हणतो, "आणि विसर.
दीडशे म्हणजे दीडशे पाउंड नव्हेत.
गार असताना हा जवळजवळ दुप्पट सोसतो.
चारशे अंशांची वाफ अंगात खेळली
की शंभरालाही कुरकुरतो.
आकडा हे नाव आहे, पोरी. ताकद नव्हे."

मी हातमोज्यात बोटं मिटते.
माझं नाव उलबोलसिन.
आमच्या भाषेत, 'मुलगा होवो'.
चौथी मुलगी झाली तेव्हा
बापाने मारलेला शिक्का.
(झाला मुलगा, नंतर. अल्माटीत मोबाइलची कव्हरं विकतो.)

सेइतकाली एकेकाला पायाने हलवतो,
लग्नघरात पाहुणे दाखवावेत तसा.
हा वेल्ड-नेक. लांब मानेचा.
पाइपात असा मिसळतो की ताण कुठे गेला
ताणालाही कळत नाही.
हा स्लिप-ऑन, पाइपावर टोपीसारखा सरकणारा,
आतून एकदा, बाहेरून एकदा डागायचा.
स्वस्त. घाईच्या माणसांचा.
हा लॅप-जॉइंट, भोकाला भोक जुळेपर्यंत
गरगर फिरणारा.
"माझा मेव्हणा," तो म्हणतो, आणि एकटाच हसतो.

मग ब्लाइंड.
मधे भोक नाही. नुसतं पोलाद.
इथे तो थांबतो.

तीनशेच्या लाइनीच्या टोकाला
कुणीतरी दीडशेची जोडी बसवली होती.
चाचणी गार पाण्याची, शनिवारची. टिकली.
सोमवारी वाफ सोडली.
झाकण कुठे सापडलं ते तो सांगत नाही.
डाव्या हाताची दोन बोटं नाहीत,
त्याच हाताने तो थर्मास उघडतो.
दुधाचा चहा, मिठाचा.

दुपारी मला एक सांधा देतो.
तीन इंची. क्लास तीनशे. भोकं आठ;
दीडशेला चारच असती, म्हणून आधी मोजते.
मग बोल्ट, समोरासमोर,
एक कसला की त्याच्या पलीकडचा,
तिसऱ्या भागाइतका, पुन्हा, पुन्हा.
ओळीने कसशील तर गॅस्केट तिरकी बसते
आणि तिरकी गॅस्केट कुणाचं ऐकत नाही.
टॉर्कचा पाना टक् म्हणतो.
आठदा.
सेइतकाली बघत नाही; नुसता कान देऊन उभा.

टॅगवर सांधा कुणी कसला ते लिहायचं असतं.
पूर्ण नाव, आद्याक्षरं चालत नाहीत.
पेन गोठलंय.
मी त्याच्यावर दोनदा श्वास सोडते
आणि लिहायला घेते.