मापाडी

कळमन्याच्या संत्रा बाजारात छत्तीस वर्षं
मोठेबाबा दुसऱ्यांचा माल तोलत आले.
आता त्यांच्या ताटाशी मी बसतो,
पोरीच्या पाटीएवढा डिजिटल काटा घेऊन.

"शालिकराम निखाड्याले तू माप शिकवतं काय बे?"
मी गप्प. भाताची वाटी काट्यावर.
ते न बघताच सांगतात, "नव्वद."
काटा म्हणतो एकशे पासष्ट.
मी हसतो.
"अन् वाटीचा धडा कोण करन? तुया बाप?"
वाटी रिकामी करून ठेवली:
पंचाहत्तर.

मार्चमध्ये डोईफोडे डॉक्टरबाईंनी
तीन महिन्यांच्या साखरेच्या आकड्याला
लाल पेनने दोनदा गोल केला.
त्या संध्याकाळपासून चूल माझ्याकडे.
ज्वारीची भाकर जमायला अख्खा उन्हाळा गेला.
कूलर उलटा माझ्या पाठीवर,
तव्यावर भंडाऱ्याचा नकाशा,
मधोमध फाटलेली वैनगंगा.
ते मुकाट्यानं खायचे. एवढंच म्हणायचे,
"आधण येऊ दे आधी. मंग पीठ."

अंबाडीत मूठभर तूरडाळ. पातळ ताक. कच्चा कांदा.
रश्श्यावरची तर्री चमच्यानं काढून टाकताना
अख्खा सक्करदरा मला शिव्या देतोय असं वाटतं.
रस नाही, संत्रं. तेही एकच.
ते सोलायच्या आधी तळहातावर झेलतात,
"दीडशेला पाच कमी," म्हणतात,
आणि शिरांसकट खातात. सोडत काही नाहीत.

गूळ मी ताईकडे पाठवला.
साखर लपवली. जागा बदलली. पुन्हा बदलली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या गर्दीत,
मी इतवारीत अडकलो. ना पुढं, ना मागं.
सगळे आपापली पीडा ओरडून हाकलत होते
आणि मी घड्याळ बघत होतो.
घरी पोचलो तेव्हा अडीच वाजले होते.
मोठेबाबांनी गोळी बाराला घेतली होती,
मीच तसं भिंतीवर लिहून चिकटवलं होतं.
जेवणाचं मात्र कुणी लिहिलं नव्हतं.
बनियन घामानं चिंब, हात थरथरतायत,
मला माझ्या वडिलांच्या नावानं हाक मारतायत.

साखर.
साखर कुठं ठेवली होती मी?
फळीवर नाही. देवाच्या मागं नाही.
कुकरच्या खोक्यात जुन्या शिट्ट्या.
डबे पडले, पीठ सांडलं.
तेव्हा खाटेवरून एक बोट उठलं,
"तांदळाच्या कोठीत.
पितळी डबा. पार तळाशी."

तीन चमचे पाण्यात ढवळून पाजले.
पंधरा मिनिटं मी त्यांच्या ओठांकडे बघत राहिलो.
मग ते म्हणाले, "पीठ भर आधी, मुंग्या येतीन."

रात्री मी डबा उघडला.
आत मी पेन्सिलनं रेघ मारून ठेवली होती,
चोरी पकडायला.
साखर रेघेच्या खाली होती.
तीन चमचे. बरोबर तीन.

दुसऱ्या दिवशी बाराच्या आधी ताटं वाढली.
त्यांनी काटा स्वतःकडे ओढला,
धडा केला,
आणि माझी वाटी उचलली.
"दोनशे दहा," ते म्हणाले, काट्याकडे न बघता,
माझ्या सुटलेल्या पोटाकडे बघत,
आणि माझ्यातला अर्धा भात
परत पातेल्यात लोटला.