पहिल्या वर्षी काही नाही

पहिल्या वर्षी काहीच आलं नाही.
सिल्फीची पानं जमिनीला चिकटून बसली
रुसलेल्या पोरांसारखी,
आणि ऑटमार रोज संध्याकाळी
बांधाला सायकल टेकवून बघत राहिला.
शेजारचा मका तोवर
चर्चचा मनोरा झाकण्याइतका वाढला होता.

"तण पेरलंस," गुटरुन म्हणाली, "तेही विकत घेऊन."

वय त्र्याहत्तर.
हे पीक एकदा लावलं की पंधरा वर्षं उठत नाही.
हिशेब कुणीही करावा.
त्यानं केला नाही, किंवा केला
आणि कागद कोटाच्या खिशात ठेवला.

दुसऱ्या जूनमध्ये खोडं त्याच्या खांद्याला लागली.
चौकोनी खोड, आणि त्याला वेढून
दोन पानं जुळून झालेला द्रोण.
कुणी टाचला नाही, काडी लावली नाही.
आत रात्रीचं दव. एक चिमणी पिऊन गेली.
ऑटमारनं बोट बुडवून चाखलं.
कसं लागतं?
"पानासारखं," म्हणाला.

ऑगस्टात सगळा उतार पिवळा.
झेलकेनं न विचारता
मधमाश्यांच्या तीन पेट्या आणून ठेवल्या.
सप्टेंबरात कापणी; यंत्रावर मी होतो.
मग मुरघास, ताडपत्री, जुने टायर,
आणि घुमटाखालचं ते आंधळं पोट
चाळीस अंशांवर रवंथ करणारं.
दांडे चिवट निघाले, ढवळणी दोनदा अडकली.
गॅस मक्यापेक्षा थोडा कमीच.
हेही सांगायला हवं.

पण नांगर शेडमध्येच राहिला,
त्याच्यावर कोंबडी बसायला लागली.
मार्चच्या पावसात मक्याचं रान
गढूळ होऊन रस्त्यावर आलं,
ऑटमारचं जागच्या जागी.
पचून उरलेला काळा रस
आम्ही पुन्हा त्याच मुळांना पाजला.

आठव्या वर्षी तो गेला.
जानेवारी. माती दगड झालेली,
खड्ड्याला पहार लागली.
सभागृहात सगळ्यांनी कोट काढून ठेवले, इतकी ऊब.
गुटरुन रेडिएटरवर तळहात ठेवून
बराच वेळ उभी होती.
त्या नळीत मागच्या उन्हाळ्याचं ऊन होतं,
त्याच उतारावरचं.

"कोटात कागद सापडला," ती म्हणाली.
"पंधरा ओळी. प्रत्येकीपुढे: सप्टेंबर, कापणी.
कोण कापणार ते लिहिलेलं नाही."

एप्रिलात, न पेरता, रान उगवलं.
बांधाला सायकल टेकलेली दिसली.
सीट खाली केलेली.