किती बैलजोड्या

चिलोए बेटावर घर बदलायचं असलं
तर आम्ही सामान हलवत नाही,
घरच हलवतो.
पायाचे खांब सोडवायचे, घर ओंडक्यांवर चढवायचं,
दोर बांधायचे आणि गाव बोलवायचं.
मजुरी कोणी घेत नाही.
रात्री बटाट्याचे जाड रोट आणि मटण, मिटला व्यवहार.

एर्मेलिंदाचं घर काढलं ते मार्चात.
समुद्र कुंपणाला लागला होता,
रोसामेलला जाऊन दोन वर्षं झाली होती,
आणि मोठ्या भरतीला कोंबड्या छपरावर चढून बसायच्या.

सहा जोड्या जुंपल्या. पहिली माझी.
घर करकरलं, कण्हलं,
तसूभर हललं नाही.
म्हाताऱ्या आबेलार्दोनं खिडकीतून आत डोकावून पाहिलं,
म्हणाला, बाई, हे घर आहे की दिवस भरलेली गाय?
रिकामं करा आधी.

मग हातोहात सगळं शेडमध्ये गेलं.
तीन शिवणयंत्रं, त्यातलं चालणारं एक.
बिनझाकणाच्या बरण्या, बिनबरण्यांची झाकणं.
जिचं पुढेमागे काहीतरी होणार होतं, ती लोकर.
रोसामेलचे नऊ डावे गमबूट
(त्याचा उजवा आधी फाटायचा,
आणि धडका डावा टाकवायचा नाही).
एक ना धड, म्हणत आम्ही वाहत राहिलो,
ती मोजत राहिली, मग मोजायची थांबली.

दुसऱ्या दिवशी चार जोड्यांत घर निघालं.
भरतीबरोबर खाडीत तरंगलं,
पलीकडच्या चढावर जाऊन बसलं.
सामान अलीकडेच, कडी लावून.
आणीन हळूहळू, ती म्हणाली,
जे लागेल ते, लागेल तेव्हा,
एका खेपेला एक.

पहिल्या दिवशी किटली. मग सुरी.
उशी तिसऱ्या दिवशी.
दोन रात्री हातावर डोकं ठेवून निजली होती.
मान अवघडल्यावर कळलं, म्हणाली, उशी कशासाठी असते.

मग हिवाळा लागला.
आडवा पाऊस, जड वल्ही, खाडीतला वारा.
अशात माणूस विचार करतं,
एका चमच्यासाठी जायचं का?
आणि वाडगंच तोंडाला लावतं.

सवयी तिनं ठरवल्या नाहीत, पडत गेल्या.
कप एकच, म्हणून तो कधी खरकटा नाही.
कोटाला एक खिळा, खिळ्याला एक कोट.
उसवलं तर त्याच दिवशी टाका, खिडकीशी, उजेड आहे तोवर.
शेजारणीनं मुरंबा दिला तर बरणी दुसऱ्या दिवशी परत,
रिकामी नाही,
पण परत.

जूनमध्ये मी गेलो, छप्पर गळतंय का बघायला.
खुर्ची एक. ती तिनं मला दिली
आणि स्वतः चुलीशी उभी राहिली.
मग मीही उठलो.
रिकाम्या खुर्चीच्या दोन बाजूंना दोघं उभे,
माते मात्र एकाच भांड्यातून, एकाच नळीनं पितात
म्हणून निभावलं.

दुसऱ्या दिवशी खाडीत तिची होडी दिसली,
तीत उलटी ठेवलेली खुर्ची,
चारी पाय आभाळाकडे, भिजत येणारी.

तिसरी तिनं अजून आणलेली नाही.

सप्टेंबरात शेडची कडी काढली तिनं,
या आणि न्या म्हणाली.
लोकर शाळेनं नेली, बरण्या मधवाल्यानं.
डावे बूट कोणाला हवे असणार?
ते तेवढे तिनं होडीत घालून आणले, माती भरली,
कांद्याची पात लावली.
आता पायरीवर ओळीनं नऊ,
एकाच पायाची नऊ माणसं आत गेल्यासारखी.

मी संध्याकाळी बैल बांधतो, दिवा लावतो,
माझ्या माळ्याखाली उभा राहतो.
कोणाला बोललो नाही,
पण रोज मनात हिशेब चालतो:
उद्या गाव दोर घेऊन आलं
तर या घराला किती जोड्या लागतील?

परवापर्यंत आठ लागत होत्या.
काल मोडका नांगर लोहाराला देऊन आलो.
साडेसात धरा.